चार्जर लावला की लॅपटॉप का मंदावतो?

नवा लॅपटॉप घरी येतो, पहिले दोन-चार दिवस कौतुकात जातात आणि मग एक विचित्र गोष्ट लक्षात येते. बॅटरीवर यंत्र चपळ चालतं. चार्जर लावला की माउसचा बाण अडखळतो, ब्राउझर उघडायला वेळ लागतो, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा थिजतो. चार्जर काढला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत. वीज मिळाल्यावर यंत्राला जोर यायला हवा, इथे उलटंच घडतं. मग घरातले दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: माल खराब निघाला, नाहीतर व्हायरस शिरला. पहिल्या निष्कर्षाने दुकानदाराशी वाद सुरू होतो, दुसऱ्याने लॅपटॉपला फॉरमॅट मारला जातो. मूळ दुखणं दोन्ही वेळा तसंच राहतं.

चार्जर म्हणजे पूर्ण वेग, ही आपली समजूत निराधार नाही. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठीचा पेंटियम थ्री ‘स्पीडस्टेप’ या तंत्रासह बाजारात आणला. त्यातला ६५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर भिंतीतल्या विजेवर पूर्ण ६५० ने चालायचा आणि बॅटरीवर गेला की ५०० वर उतरायचा. दोनच पायऱ्या, आणि त्या ठरवणारी गोष्ट एकच, चार्जर आहे की नाही. पंचवीस वर्षांत या पायऱ्यांचा जिना फार बारीक झाला. आजचा प्रोसेसर आपला वेग अखंड वरखाली करत असतो, आणि तो किती ठेवायचा हे एकटा ठरवत नाही. तापमानाचे सेन्सर, चार्जिंग सांभाळणारी चिप, मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर, विंडोज, कंपनीने आधीच टाकून दिलेलं सॉफ्टवेअर, अशा पाच-सहा जणांना त्यात बोलायचा अधिकार आहे. चार्जिंगला लावल्यावर मंदावणारा नवा लॅपटॉप बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. यांच्यापैकी कोणीतरी त्याला मुद्दाम हळू चाल म्हणून सांगितलेलं असतं. कोणी सांगितलं, एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

हा शोध कसा घ्यायचा ते पाहण्यासाठी मी वांद्र्याची निवड केली आहे. पश्चिमेला रणवार, चिंबई, पाली अशी जुनी गावठाणं, पूर्वेला शासकीय वसाहत आणि खेरवाडीतलं शासकीय तंत्रनिकेतन, त्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातली काचेची कार्यालयं. लॅपटॉप एकच, पण त्याला वीज देणारी पिन, तो ठेवायची जागा आणि खोलीतली हवा या तिन्ही ठिकाणी वेगळी. एकाच तक्रारीची कारणंही म्हणून वेगळी निघतात.

आधी विजेचा हिशेब. मध्यम किमतीच्या पातळ लॅपटॉपचा अडॅप्टर साधारण ६५ वॉटचा असतो. आत इंटेलचा कोअर आय५-१२३५यू हा प्रोसेसर आहे असं धरा. त्याची मूळ क्षमता १५ वॉटची, पण जोराचं काम आलं की थोडा वेळ तो ५५ वॉटपर्यंत उसळी घेऊ शकतो. स्क्रीन, एसएसडी, वायफाय, पंखा यांचे मिळून सात-आठ वॉट. बॅटरी ५० वॉट-तासांची असेल आणि ती रिकामी असताना झपाट्याने भरायची असेल, तर तीच ४० वॉटच्या पुढे खेचू शकते. बेरीज केली की शंभरी ओलांडते आणि हातात आहेत ६५. प्रत्येक लॅपटॉपमध्ये या ओढाताणीचा निवाडा करणारी एक चिप असते. ती सहसा चालू कामाला आधी वीज देते आणि उरलेली बॅटरीकडे वळवते. म्हणून जड काम चालू असताना बॅटरी सावकाश भरते, आणि ते ठीकच आहे. पण अडॅप्टर ६५ ऐवजी ३० वॉटचा असला, किंवा तो किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला कळलंच नाही, तर ही चिप आणि कंट्रोलर धोका पत्करत नाहीत. प्रोसेसरलाच आवर घालतात.

एक प्रयोग कोणालाही घरी करता येतो आणि सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी तो करावाच. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. आलेखाखाली ‘स्पीड’ म्हणून गिगाहर्ट्झमधला आकडा दिसतो. इतर सगळं विसरून नजर तिथे ठेवा. मग यंत्राला ठरावीक काम द्या, उदाहरणार्थ तीच मोठी फोल्डर झिप करणं. हे काम तीन अवस्थांत करायचं: फक्त बॅटरीवर, बॅटरी निम्मी असताना चार्जर लावून, आणि बॅटरी पूर्ण भरल्यावर चार्जर तसाच ठेवून. तिसरी अवस्था बहुतेक जण वगळतात आणि खरी माहिती तिथेच असते. बॅटरी भरल्यावर वेग परत आला, तर भांडण चार्जिंगशी आहे, म्हणजे उष्णता किंवा विजेची वाटणी. बॅटरी भरूनही यंत्र मंदच राहिलं, तर चार्जिंगचा दोष नाही. अडॅप्टर ओळखला गेला नाही, सेटिंग चुकलं आहे, किंवा मागे काही काम चालू आहे.

आकड्याकडेही नीट पाहा. चार्जर लावताच स्पीड २.८, ३.१ अशा घरांतून थेट ०.३९ किंवा ०.४० वर आला आणि तिथेच खिळून राहिला, काम वाढवा की कमी करा हलेना, तर ती उष्णतेची खूण नव्हे. तापलेला प्रोसेसर वरखाली होत राहतो. थंड झाला की चढतो, तापला की उतरतो. एकाच नीचांकावर खिळलेला आकडा म्हणजे मदरबोर्डवरून आलेला हुकूम. प्रोसेसरच्या एका पायाला ‘प्रॉसहॉट’ नावाचा संकेत जोडलेला असतो. मुळात तो प्रोसेसरने स्वतः तापल्याचं बाहेर सांगण्यासाठी. पण बोर्डावरचा कंट्रोलरही तोच पाय दाबू शकतो, आणि तो दाबला की प्रोसेसर कारण न विचारता तळाच्या वेगावर येतो. अडॅप्टरची ओळख पटली नाही की अनेक कंपन्यांचे कंट्रोलर हेच करतात.

अडॅप्टरची ओळख ही काय भानगड आहे? गोल पिनच्या काही चार्जरांत, डेलच्या तर वर्षानुवर्षं, पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते. त्या सुईतून वीज येत नाही. अडॅप्टरमधली छोटी चिप तिच्यातून आपले वॉट सांगते. सुई वाकली, वायर आतून तुटली किंवा अडॅप्टर नकली असला, तर वीज येत राहते पण ओळख पोचत नाही. लॅपटॉप सुरू होताना अडॅप्टरचा प्रकार ठरवता येत नाही, म्हणून यंत्र आपली कामगिरी जुळवून घेईल, अशा अर्थाची सूचना स्क्रीनवर येते. घाईत एंटर दाबून आपण ती घालवतो. सगळं निदान त्या एका वाक्यात लिहिलेलं असतं.

यूएसबी-सी आल्यावर ओळख आणखी बोलकी झाली. चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलतात: माझ्याकडे ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० व्होल्टवर मी सव्वातीन अँपिअर देईन. लॅपटॉप त्यातलं एक निवडतो. या ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीची मर्यादा आधी १०० वॉट होती, २०२१ मध्ये ती २४० वॉटवर गेली. केबललाही यात मत आहे. ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा तर केबलच्या आत खुणेची चिप लागते. ती नसली तर २० व्होल्टवर ६० वॉटच्या वर काही मिळत नाही, मग चार्जर १०० वॉटचा का असेना. फोनसोबत आलेली केबल लॅपटॉपला बसते, दिवा लागतो, बॅटरीचं चिन्ह चमकतं, आणि आपण समजतो की सगळं जुळलं.

माझ्या मते आजच्या घडीला सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे दोन-तीन तोंडांचा सुटसुटीत चार्जर. त्यावर ठळक ६५ वॉट लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण एकाच तोंडाला काही लावलेलं असेल तेव्हा. दुसऱ्या तोंडात फोन घातला की तो वाटणी करतो, बहुतेकदा ४५ आणि २०. वाटणी बदलताना क्षणभर दोन्हीकडची वीज तोडून बोलणी पुन्हा सुरू करतो. हे समोर बसून पाहण्यासारखं आहे. फोनची केबल खोचली की लॅपटॉपची स्क्रीन क्षणभर मंद होते, पुन्हा उजळते, आणि त्यानंतर टास्क मॅनेजरमधला आकडा पहिल्या उंचीवर जात नाही. वापरणाऱ्याला वाटतं, लॅपटॉप अधूनमधून आपोआप स्लो होतो. खरं तर फोन चार्जिंगला लावला की होतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांत हाच खेळ मॉनिटर करतो. टेबलावरच्या मॉनिटरमधून एकाच केबलने चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. पण मॉनिटर ६५ वॉट देणारा आणि लॅपटॉप १०० वॉट मागणारा असला, की घरी उत्तम चालणारं यंत्र कार्यालयात रेंगाळतं.

म्हणून अडॅप्टरची पाठ वाचायची सवय लावा. ‘आउटपुट’ या शब्दापुढचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५, १९.५ व्होल्ट आणि २.३१ अँपिअर म्हणजे ४५. लॅपटॉपच्या तळाशीही त्याला हवे असलेले आकडे छापलेले असतात. दोन्ही जुळले पाहिजेत; अडॅप्टरचे वॉट जास्त असले तर हरकत नाही, कमी असता कामा नये. भारतात विकला जाणारा अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोकडे नोंदवलेला असावा लागतो, आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्याच्या अंगावर असतो. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या ‘सेम टू सेम’ अडॅप्टरवर आधी तो शोधा. ‘इनपुट’पुढे मात्र १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं दिसेल. ‘आमच्याकडे व्होल्टेज कमी येतं म्हणून लॅपटॉप स्लो आहे’ हे वाक्य कानावर पडतं, पण आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यात वीस-तीसचा फरक पडला तरी अडॅप्टरला काही वाटत नाही. आत जाणारी वीज तो तशीच नेमकी ठेवतो. माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला बेस्टची वीज आणि उत्तरेला, वांद्र्यापासून पुढे, १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसची, जी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ पासून अदानीकडे आहे. खाडी ओलांडल्याने लॅपटॉपच्या वेगात फरक पडत नाही.

सैल बोर्डाने मात्र पडतो. एक्स्टेन्शनमध्ये पिन डुगडुगत असेल, तर चार्जर मिनिटाला कितीतरी वेळा लागतो आणि सुटतो. प्रत्येक वेळी लॅपटॉप बॅटरीची पद्धत सोडून चार्जरची पद्धत धरतो, स्क्रीनचा उजेड आणि प्रोसेसरच्या मर्यादा बदलतो. हा हेलकावा म्हणजे ‘हँग होतो’ असा अनुभव. तोच चार्जर भिंतीतल्या पक्क्या सॉकेटला लावून पाहिला की दोन मिनिटांत निकाल लागतो.

गावठाणातल्या जुन्या घरांत आणखी एक प्रकार आढळतो. तिथे यंत्र मंद नसतंच, मंद वाटतं. टचपॅडवर बोट फिरवलं की बाण उड्या मारतो, क्लिक दोनदा लागते किंवा लागतच नाही. धातूच्या अंगावर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या येतात. अडॅप्टरच्या आत, विजेतला ‘नॉइज’ शोषण्यासाठी, भिंतीतली वीज आणि लॅपटॉपकडची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर ठेवलेला असतो. त्यातून अगदी थोडी गळती होते. सॉकेटला अर्थिंग असेल आणि पिन तीन पायांची असेल, तर ही गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, किंवा चार्जर दोन पायांचाच असेल, तर लॅपटॉपचं धातूचं अंग पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतं. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असतो, सुस्थितीतल्या अडॅप्टरपासून धोका नाही. पण टचपॅड बोटाची बारीकशी विद्युत चाहूलच मोजत असतो आणि या तरंगण्याने त्याचा हिशेब चुकतो. माउस जोडून पाहा. माउसने सगळं सुरळीत चालत असेल, तर लॅपटॉपला दोष देऊ नका, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपपेक्षा गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी ते करणं जास्त निकडीचं आहे. जुन्या लाकडी जिन्याच्या घरात तिसऱ्या पायाचं छिद्र केवळ दिसायला असतं आणि त्यामागे वायर नसते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता उष्णता. मुंबईतल्या तक्रारींत तिचा वाटा मोठा असला पाहिजे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण साधं आहे. बहुतेक लॅपटॉप कंपन्या आपलं यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचं असं माहितीपत्रकात लिहितात. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचं वारं यायला दुपार उलटते, तेव्हा सांताक्रूझच्या वेधशाळेतला पारा ३५च्या पुढे सहज जातो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, बंद खोलीत त्याहून जास्त. म्हणजे यंत्र चालू करण्याआधीच त्याची मर्यादा संपलेली. प्रोसेसरची स्वतःची हद्द साधारण १०० अंशांची असते. पंखा आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली तर आतला प्रत्येक भागही तेवढाच वर सरकतो आणि हद्द दहा अंशांनी जवळ येते.

चार्जिंग यात स्वतःची भर घालतं. बॅटरीत ४० वॉट ओतले तर ते सगळेच्या सगळे साठत नाहीत. व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधात मिळून दोन-चार वॉटची उष्णता होते. आकडा किरकोळ वाटतो, पण पातळ लॅपटॉपची उष्णता बाहेर टाकायची कायमची ताकदच पंधरा-वीस वॉटची असते. तिचा पाचवा हिस्सा एकट्या चार्जिंगने खाल्ला. शिवाय चार्जर लावला की विंडोज आणि कंपनीचं सॉफ्टवेअर प्रोसेसरला जास्त वॉट वापरायची मुभा देतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड जागं होतं, स्क्रीन ६० ऐवजी १२० हर्ट्झवर जाते. प्रोसेसर जोरात उसळतो, लवकर तापतो आणि मग इतका खाली येतो की बॅटरीवरचा संथ पण अखंड वेग त्यापेक्षा बरा वाटतो. मॅकबुक वापरणाऱ्यांना हेच दुसऱ्या रूपात दिसतं: अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘कर्नल टास्क’ नावाचं काम भरमसाट प्रोसेसर खाताना दिसतं. ते प्रत्यक्षात काही खात नाही. यंत्र तापू नये म्हणून ते इतर कामांच्या वाट्याला प्रोसेसर येऊ देत नाही, असं खुद्द अॅपलने सांगितलं आहे. ते काम बंद पाडायला जाऊ नये.

उष्णतेचा आणखी एक पुरावा बॅटरीच्या स्वभावातून मिळतो. लिथियम बॅटरी आधी ठाम प्रवाहाने भरते आणि साधारण ८० टक्क्यांच्या आसपास प्रवाह कमी होत जातो. तुमचा लॅपटॉप ३० टक्क्यांवर असताना रेंगाळत असेल आणि ८५च्या पुढे आपोआप मोकळा होत असेल, तर संशयाची सुई उष्णतेवर किंवा वॉटच्या वाटणीवर स्थिर करा. उपायही त्यातच आहे. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर टेबलावर वापरायचं यंत्र तसंच ठेवा, वेगही टिकेल आणि बॅटरीचं आयुष्यही वाढेल. जड काम करायच्या आधी बॅटरी भरून घ्या. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका; तळाच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, आणि एका खोलीच्या घरात अभ्यासाची जागा पलंगच असेल तर खाली लाकडी पाट किंवा कडक पुठ्ठ्याची फाइल घाला. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी तापमानात फरक दिसतो.

आणि आता ते कारण, जे फक्त नव्या लॅपटॉपला लागू आहे. नवं विंडोज पहिल्या काही दिवसांत प्रचंड मागचं काम करतं. अपडेट उतरवतं, प्रत्येक फाइलची सूची बनवतं, अँटिव्हायरस पहिली पूर्ण तपासणी करतो, वनड्राइव्ह जुन्या फाइली खाली ओढतं, आणि अलीकडच्या विंडोज ११ मध्ये डिस्कचं कुलूपबंद रूपांतर आपोआप सुरू होतं. बॅटरी वाचावी म्हणून यातली बरीच कामं चार्जर लागेपर्यंत थोपवून ठेवली जातात. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये कोणतंही नवं काम नोंदवलं की ‘यंत्र विजेवर असेल तरच सुरू कर’ ही अट आधीपासून टिक केलेली असते. म्हणजे तुम्ही चार्जर लावता आणि दिवसभर तुंबलेली कामं एकदम अंगावर येतात. ओळखायची खूण सोपी: इथे स्पीडचा आकडा पडलेला नसतो, उलट चढलेला असतो, आणि सीपीयू किंवा डिस्कचे टक्के ऐंशी-नव्वदच्या घरात असतात. उपाय म्हणजे एक-दोन रात्री लॅपटॉप चार्जरला लावून, वायफाय चालू ठेवून, झोपू न देता सोडायचा. सगळं उरकलं की तक्रार उरत नाही. नव्या लॅपटॉपला पहिल्याच आठवड्यात फॉरमॅट मारणं मला म्हणूनच फार खटकतं; संपत आलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि कंपनीचं चार्जिंगचं सॉफ्टवेअर जातं ते वेगळंच.

सेटिंगचं प्रकरण थोडक्यात. सेटिंग्जमधल्या पॉवरच्या पानावर चार्जर असताना आणि नसताना अशा दोन वेगवेगळ्या पद्धती निवडता येतात. कोणीतरी चार्जरच्या बाजूला काटकसरीची पद्धत निवडून ठेवलेली असू शकते. कंपनीच्या स्वतःच्या अॅपमध्ये ‘शांत’, ‘समतोल’ अशा अवस्था असतात, त्या विंडोजच्या वर हुकूम चालवतात. बायोसचं अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावरून जरूर करा. अडॅप्टरची ओळख चुकवणारे दोष त्यातूनच दुरुस्त होतात. इंटरनेटवर एक सल्ला फार फिरतो: एका छोट्या प्रोग्रॅमने प्रॉसहॉटचा बाहेरून येणारा संकेत बंद करा, लॅपटॉप धावू लागेल. धावतोही. पण अपुरा अडॅप्टर आणि बिनलगामी प्रोसेसर एकत्र आले की अडॅप्टर तापतो किंवा यंत्र अचानक बंद पडतं. निदानासाठी पाच मिनिटं वापरून पाहायला हरकत नाही; कायमचा इलाज म्हणून ते कुणी सुचवलं तर ऐकू नका.

इतकं करूनही, मूळ अडॅप्टर, पक्कं सॉकेट, थंड खोली आणि भरलेली बॅटरी असताना स्पीड ०.४०वर खिळत असेल, तर मात्र दोष यंत्रात आहे. चार्जिंगचं सॉकेट, त्यामागचं सर्किट किंवा एखादा चुकीचं तापमान सांगणारा सेन्सर. तो घरी दुरुस्त करायचा नसतो. वॉरंटीत असलेला लॅपटॉप तर उघडूसुद्धा नये. सर्व्हिस सेंटरला जाताना ‘स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर तिथला तंत्रज्ञ तो चालू करतो, दोन खिडक्या उघडतो आणि ‘ठीक आहे’ म्हणून परत देतो. फोनवर व्हिडिओ काढून न्या: स्क्रीनवर टास्क मॅनेजरचा आकडा आणि त्याच चौकटीत चार्जर लावणारा हात. सोबत अडॅप्टरच्या लेबलचा फोटो, बिल, आणि जमा केल्याची लेखी पावती, तिच्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घेतलेली. ऑनलाइन खरेदीत बदलून घ्यायची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून तीन अवस्थांचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात उरकावा.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही मार्गदर्शन करते. त्यापुढचा दरवाजा वांद्र्यातच आहे. उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला, त्याचं मुख्यालय वांद्रे पूर्वेला आलं, आणि तिथेच चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत उपनगर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग बसतो. दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा ग्राहक तिथे येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरूचा असो की गुरुग्रामचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला लागतो. घरून काम करणाऱ्या चित्रकाराने, भाषांतरकाराने तक्रारीत हे स्पष्ट लिहावं. आणि दोष नुसता पाहून ठरत नसेल, तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यावा असं कायदा म्हणतो. चार्जर लावल्यावरच उमटणारा दोष नेमका या प्रकारातला आहे. अर्जात कोणत्या अडॅप्टरवर, किती टक्के बॅटरीला, किती वेग दिसला हे आकड्यांत लिहिलेलं असेल, तर प्रयोगशाळेला नेमकं काय तपासायचं ते कळतं.